एका हाताचा शॉर्टकट

माझ्या ताईचा डावा हात लहानपणच्या तापानंतर कधी नीट चाललाच नाही. पण लासलगाव रस्त्यावरच्या ज्या वजनकाट्याच्या ऑफिसात ती नोकरी करायची, तिथे हे कोणालाच माहीत नव्हतं. खिडकीशी बसणाऱ्या सगळ्याच बाया डावा हात वजनाच्या चिठ्ठीवर ठेवून उजव्या हाताने टाइप करत. पंखा फुल, खिडकी उघडी. हात काढला की चिठ्ठी उडालीच. ताईचा हातही तसाच चिठ्ठीवर पडलेला असे. कळलं तर खिडकीवरून उठवतील, ही धास्ती तिने कित्येक वर्षं गिळली होती.

दोन हजार सालानंतर त्या ऑफिसचा जुना डॉसवरचा प्रोग्रॅम काढून ब्राउझरमध्ये चालणारा नवा करायचं काम निघालं. ते आलं नेमकं नाशिकच्या आमच्या कंपनीकडे, माझ्याच टेबलावर. नशिबाला चेष्टा सुचते ती अशी.

जुन्यात एका बटणावर पावती निघायची. आमच्या सरांनी फर्मावलं, "कंट्रोल, आल्ट आणि एफ-सेव्हन. तिन्ही एकदम. चुकून दाबलं जाता कामा नये."

एका पंजात ती तिन्ही बटणं मावणं शक्य नव्हतं. मी गुपचूप एकामागून एक दाबायचा शॉर्टकट लिहिला: आधी एफ-टू, ते सोडायचं, मग पी. पहिलं बटण प्रोग्रॅमने सेकंदभर लक्षात ठेवायचं. ताईने घरी करून पाहिलं, तर ती मध्येच सवयीने मान वर करायची, समोर शेतकरी उभा असल्यासारखी, आणि तो सेकंद निघून जायचा. मी सेकंदाची अटच काढून टाकली.

सरांना काही पटेना. "विंडोजमध्ये एकेक दाबायची सोय आहे की. ज्याला लागेल त्याच्या मशीनवर चालू करू. कोणाला लागतंय?"

ताईने एवढं जपून झाकलेलं माझ्या तोंडून कसं उघडं करू? मी एवढंच म्हटलं, "सर, तिथल्या बाया एकाच हाताने काम करतात. एकदा येऊन बघा."

सर माझ्याबरोबर आले आणि थेट ताईच्याच मागे उभे राहिले. बाहेर ट्रॅक्टरची रांग.

"मॅडम, चिठ्ठी सोडा जरा. डाव्या हाताने कंट्रोल-आल्ट धरा, उजव्याने एफ-सेव्हन."

ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सर, माझा डावा हात चालत नाही," ती मोठ्याने म्हणाली, गाडीचा नंबर सांगावा तशी.

शेजारच्या बायांचे हात थांबले. मला सरांचा आणि त्या तीन बटणांचा भयंकर संताप आला.

बाहेरचा शेतकरी मात्र कावला होता. "ओ ताई, लय उशीर झाला, पावती द्या ना!"

ताईने एफ-टू दाबलं, सोडलं, पी दाबलं. पावती निघाली. सर घसा खाकरून म्हणाले, "राहू दे असंच. सगळ्यांनाच."

नोकरी राहिली. मला केवढं हायसं वाटलं! काही दिवसांनी मी ताईला हौसेने विचारलं, "चालतोय ना गं शॉर्टकट?"

"चालतोय की, छान चालतोय," ती म्हणाली. "पण आता शेजारची उठून येते आणि माझी चिठ्ठी दाबून धरते. मी न सांगता. आणि सगळ्या माझ्याशी हळू आवाजात बोलतात गं."