खिडकीखालची आयरिस

मुलुंडला तळमजल्यावर राहण्याचे तोटे मी हवे तितके सांगू शकते. डास, उंदीर, ओल. फायदा एकच, मागच्या भिंतीलगतची हातभर रुंद माती. तिथे माझ्या आयरिस आहेत. त्या मी लावलेल्या नाहीत, आणि बरीच वर्षं मला त्या नकोच होत्या.

लावल्या सासूबाईंनी, वेखंड समजून. मला दिवस गेले होते. आमच्या कोकणातल्या माणसांना बाळाच्या आधी घरात वेखंड लागतं. उगाळून पोटावर लावायला, दृष्ट लागू नये म्हणून तुकडा दोऱ्यात ओवून मनगटाला बांधायला. सासूबाई गोराईला ओळखीच्या घरी गेल्या होत्या. तिथे विहिरीच्या कडेला लांब, पात्यासारखी पानं दिसली आणि त्यांनी गड्डाच मागून आणला. एक पान चुरडून नाकाशी धरलं असतं तर तिथेच कळलं असतं, वेखंडाचा वास काही लपत नाही. पण आजी व्हायच्या घाईत वास कोण घेतंय! मोरीच्या पाइपाखाली, ओल असते तिथे, त्यांनी तो लावून टाकला.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं, पाळणा सांगून ठेवला होता. त्याआधीच ती गेली. सकाळी दूध प्यायली, दुपारी तापली, आणि संध्याकाळी दवाखान्यातून मी, नवरा आणि सासूबाई असे तिघंच परत आलो. एवढ्याशा जिवाचं मागे काही करत नाहीत. दहावं नाही, तेरावं नाही, भिंतीवर फोटो नाही. नाव तर ठेवलंच नव्हतं. लोकांना तिच्याबद्दल विचारायची सोय उरली नाही आणि मला सांगायची.

पुढच्या उन्हाळ्यात त्या वेखंडाला फूल आलं. बाहेर तीन पांढऱ्या पाकळ्या, आत निळ्या-जांभळ्या, कडा वळलेल्या. वेखंडाला असलं फूल येत नाही, हे कोकणात वाढलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. सासूबाई त्याच्यापाशी बराच वेळ उकिडव्या बसून राहिल्या. मग मला हाक मारली.

"सुने, चेडू इला गो. भायर येऊन बग तरी."

चेडू इला, म्हणजे मुलगी आली. मी गेले नाही. संध्याकाळी ते फूल पिळलेल्या फडक्यासारखं मिटलं आणि सासूबाई रडत आत आल्या. एका दिवसाचंच फूल असतं ते.

माझं डोकं फिरलं. माझी मुलगी काय सणासुदीला येणारी पाहुणी होती? त्या रागाचं मला आजही काही वाटत नाही, तो माझा हक्काचा राग होता. दर वर्षी कळ्या फुगल्या की सासूबाई आदल्या दिवशीच माती झाडून ठेवायच्या आणि मी खिडकी लावून घ्यायची. त्यांचा हट्ट तसा माझाही हट्ट.

झाड मात्र कुणाचं ऐकत नव्हतं. फूल गेलं की त्याच दांड्याच्या टोकाला पिल्लू धरतं, त्याच्या ओझ्याने दांडा वाकतो, पिल्लू मातीला टेकून मूळ धरतं. मग त्याला फूल, त्याला पिल्लू. असं एकेक पाऊल टाकत ते पाइपापासून निघालं आणि माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली येऊन पोचलं. वाकलेले दांडे सासूबाई दगडाखाली दाबून ठेवत. दिशा त्यांनी ठरवली की झाडाने, मी कधी विचारलं नाही. पुढे फोनवर फोटो टाकून शोधलं तेव्हा कळलं की ही आयरिस, आणि इंग्रजीतही हिला चालणारी असंच म्हणतात. शिवाय सगळी रोपं एकाच सकाळी फुलतात. कित्येक दिवस एकही नाही, आणि मग सगळ्या एकदम, बोलावल्यासारख्या.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. आयरिसना हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण गोगलगायी पानं कुरतडायला लागल्या, त्या वेचून टाकल्या. मुळाशी पाणी साचत होतं म्हणून रेती मिसळली. गड्डे फार खोल गेले की फुलत नाहीत, ते वर उचलून बसवले. भाजी निवडावी तसं नुसतं काम म्हणून करत होते. तरी खाली वाकले की मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. सासूबाई नव्हेत. कुणीतरी लहान, माझ्या कमरेला लागेल एवढं.

मार्चमध्ये कळ्या फुगल्या. उद्या फुलणार हे दिसतच होतं, आणि मी घाबरले. या वेळी भायर ये म्हणणारं कुणी नव्हतं आणि मला जायचं होतं. पण जाऊन हाक काय मारू? सासूबाईंचं चेडू माझ्या तोंडी बसत नव्हतं. आई असून लेकीला बोलवायला माझ्याकडे शब्द नव्हता. शेवटी बोरिवलीच्या नणंदेला फोन केला आणि सरळ सांगितलं, एकटीने जायची हिंमत नाही.

"येते ना," ती म्हणाली. "तू चहा टाकून ठेव."

सकाळी ती आली तेव्हा सगळ्या फुलल्या होत्या, वास घरभर झाला होता. ती चपला काढून मातीत उतरली. मी पायरीवरच थांबले. एका फुलापाशी वाकून, हाताचा आडोसा करून ती काहीतरी पुटपुटली, बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तशी.

"काय बोललीस गं?"

"नाव सांगितलं. वहिनी, तेव्हाच ठरवलं होतं मी."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"कशी बोलणार? तुझ्यासमोर विषय काढायची कुणाची टाप होती! माझ्या दोन्ही मुलींना नाही दिलं ते. माझा नवरा म्हणाला होता, छान आहे, ठेवू या. म्हटलं, नाही, ते दिलेलं आहे."

मी पायरीवर बसले.

"मला सांग."

तिने सांगितलं. साधंच तीन अक्षरी नाव आहे, इथे लिहीत नाही. मी मातीत उतरले आणि माझ्या मुलीला तिच्या नावाने हाक मारली. आधी हळू, मग मोठ्याने, मग पुन्हा.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. नव्याने राहायला आलेली एक बाई डोकावली.

"काकू, कोणाला बोलावताय?"

"मुलीला," मी म्हटलं.