केबिनखालचे सुके मासे

मा ग्वांगसिक भित्रा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सव्वीस वर्षं तो पठारावरचा कोबी ट्रकमध्ये भरून आमचा घाट उतरतोय, आणि त्याची गाडीही जवळजवळ तेवढ्याच वर्षांची आहे. माझं गॅरेज घाटमाथ्यावर. पठाराकडून येणारा चढ संपला की तो माझ्याकडे थांबणार, शिव्या घालणार, उकडलेलं कणीस खाणार आणि मग उतरणार. असा माणूस त्या ऑगस्टमध्ये माझ्यासमोर उभा होता आणि त्याने कणसाला हातही लावला नव्हता.

"मिस्त्री, रेडिएटरचं पाणी पुन्हा गायब. पाच लिटर!"

"पितोस की काय?"

"थट्टा सुचतेय तुला? खाली थेंब पडत नाही, आणि ऑइल मात्र सगळीकडून पाझरतंय. उतारावर इंजिन बंद पडलं तर?"

मी वाकून गाडीखाली बघितलं. चार वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या थोरल्या भावाच्या गाडीचं इंजिन असंच तापून उतारावर जाम झालं होतं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि सातव्या वळणावर सगळं संपलं. त्या दिवसापासून ग्वांगसिकची बायको इलसुन घाटाच्या उताराकडे तोंडसुद्धा करत नव्हती आणि त्याच्या गाडीतही चढत नव्हती. तिने एवढंच केलं, दर नव्या वर्षाला एक सुका मासा पांढऱ्या सुताच्या लडीत गुंडाळून नवऱ्याच्या केबिनखाली, इंजिनच्या मागच्या अंगाला बांधला. आमच्याकडे सगळेच बांधतात. माशाचे डोळे कधी मिटत नाहीत, तो वाटेवर नजर ठेवतो. पण बाकीचे एक बांधतात. हिने जुना न सोडता त्यावरच नवा चढवला. चार मासे झाले.

मी तीनदा केबिन पुढे कलवून उचलली, खालचं इंजिन तपासलं. रेडिएटरचं झाकण बदललं. थंड इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत हवा भरून रात्रभर ठेवली, दाब तसूभर उतरला नाही. ऑइलमध्ये पाणी नाही, धूरही पांढरा नाही. पुढचं सील बदललं तर मागचं गळायला लागलं. एक शिवावं तर दुसरं उसवतं! शेवटी माझ्याही तोंडून निघालं, "इंजिनचं हेडच तडकलं असेल रे. भंगारात घाल." पण तोडलेला कोबी दोन दिवसांत सडतो. तो उतरतच राहिला, आणि मी रोज त्याचा फोन येईपर्यंत जेवत नव्हतो.

एका सकाळी इलसुन एकटीच आली. डोक्याचा रुमाल हातात चुरगाळत म्हणाली, "भावजी, खरं सांगा. यांची वेळ आलीय का?"

"काहीतरीच काय वहिनी! गाडी म्हातारी झालीय, माणूस नाही," असं म्हणालो आणि हत्यारांची पेटी उचलली. तिला म्हटलं, बसा इथेच. आज मी स्वतः पठारावर जाऊन त्याच्या शेजारी बसून चढ चढतो.

भरलेली गाडी. तिसऱ्या वळणापर्यंत तापमानाचा काटा मध्यावर होता, मग सरकायला लागला. केबिनमध्ये रेडिएटरच्या पाण्याचा गोडसर वास आला. ग्वांगसिकच्या मानेवरून घाम ओघळत होता. काटा लाल रेघेला टेकला तेव्हा, खोटं कशाला सांगू, दार उघडून उडी मारावीशी वाटली. कसेबसे गॅरेजच्या अंगणात पोचलो. मी इंजिन चालूच ठेवायला लावलं आणि केबिन उचलली.

माशांच्या मागून बारीक वाफ येत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिन्ही वेळा मी त्या माशांसमोर मान लववली होती आणि त्यांना धक्का न लावता बाजूबाजूने हात घातला होता. मागे काय आहे ते बघितलंच नव्हतं. तीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला मी, आणि डोळे मिटून गाडी तपासत होतो!

इंजिन बंद केलं. सुताला कात्री लावणार, तोच ग्वांगसिकने माझं मनगट धरलं.

"हात लावू नकोस. तिने बांधलंय."

"मग मरायचंय का तुला?"

त्याने हात सोडला. मी पुन्हा मान लववली आणि सूत कापलं. चारही मासे अर्धे कुरतडलेले. खालून उंदरांनी पाण्याच्या रबरी नळीलाही दात लावले होते. रबर थंड असताना ती भोकं मिटत, गरम होऊन दाब आला की उघडत, आणि उडालेलं पाणी तापलेल्या इंजिनवर जागच्या जागी सुकून जाई. तेच सूत ओढून उंदरांनी इंजिनचा श्वास सोडायच्या पाइपात घरटं केलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. इंजिनमध्ये कोंडलेली हवा दर सीलमधून ऑइल बाहेर ढकलत होती.

इलसुन जवळ आली. ग्वांगसिक घाईने म्हणाला, "काही नाही गं, नळी जुनी झाली होती."

"हो हो, वय झालं होतं," मीही री ओढली.

तिने एक मासा उचलला. दातांच्या खुणा बघितल्या. मग ती टायरला टेकून खाली बसली.

"मीच की हो! मीच उंदरांना जेवायला बोलावलं. दादा गेला, आणि आता यांनाही मीच..." ग्वांगसिक तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि तिच्या हातातला मासा सोडवत राहिला. ती सोडत नव्हती.

मी नळी बदलली, पाइप साफ केला, पाणी भरलं आणि तासभर इंजिन पळवलं. काटा मध्यावरून हलला नाही. माझ्यानेच राहवलं नाही, म्हणालो, "वहिनी, नवा मासा आत काचेपाशी टांगा. तिथे उंदीर येत नाहीत."

"नको." तिने डोळे पुसले, मासा माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या बाजूने केबिनमध्ये चढली. चार वर्षांत पहिल्यांदा.

"अगं, हा घाट आहे," ग्वांगसिक म्हणाला. "तुला भीती वाटते ना?"

"वाटतेच," दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरत ती म्हणाली. "पण डोळे मिटणार नाही. चला तुम्ही."