मोखाड्यात खोड काढायला

सरळच सांगतो, मी मोखाड्याला निसर्ग बघायला गेलो नव्हतो. आमच्या जव्हारच्या शाळेत यंदा अकरावीचा वर्ग सुरू झाला आहे आणि शेतीविषयाला शिक्षक मिळत नाही. साखरशेतची जयवंती, माझी जुनी विद्यार्थिनी, मोखाड्याजवळच्या ख्रिस्ती विद्यापीठात शिकवते. तिला परत आणायचंच, असं ठरवून निघालो.

सकाळची एसटी धरा आणि खिडकी मिळवा. तासाभराचा रस्ता आहे, मधे मधे उखडलेला, पाठ सांभाळा. शेजारचे बाबा सांगत होते, पूर्वी मोखाड्यात उतरलेला माणूस शेवटच्या गाडीनं परत जायचा, आता तिथं राहणारे इतके वाढलेत की भाड्यानं खोली मिळत नाही. अहो, जव्हार ही संस्थानाची राजधानी होती! मोखाडा कोण? माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच.

उतरलो तर झेरॉक्सची दुकानं, खानावळी, मोमोची गाडीसुद्धा. हे सगळं त्या विद्यापीठामुळे, आणि तेही म्हणे पत्र्याच्या दोन खोल्यांत सुरू झालेलं. खोड काढायची म्हणून फाटकापासून प्रार्थनाघरापर्यंत हिंडलो. मेलं स्वच्छतागृहही स्वच्छ निघालं. खानावळीत शंभर रुपयांत भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा मिळतो. चांगला होता, काय करणार.

जयवंतीच्या दारावर पाटी होती, 'नागली आणि वरई विभाग'. मी सवयीनं म्हणालो, अगं, नाचणी लिहायचं. ती हसली.

"सर, सातवीत मी नागली लिहिलं म्हणून तुम्ही लाल रेघ मारली होती. इथं पहिल्याच दिवशी फादर बोलले, तुझ्या आयेला विचार, तिला नागलीच्या किती जाती ठाव्या हायेत. आयेनं सात सांगितल्या. माझं काम तिथून चालू झालं."

मग मी शाळेचं विचारलं. तिनं हळूच नाही म्हटलं, पण नाहीच म्हटलं. वर मला चहाला नेलं. तिथे एक पिकल्या दाढीचे गृहस्थ बसले होते.

"हे आमचे फादर," ती म्हणाली. मग माझ्याकडे हात करून त्यांना सांगितलं, "आणि हे जव्हारचे सर."

संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. जयवंती येणार का, असं बायकोनं विचारलं, तर मी रस्त्यालाच शिव्या घालत बसलो. तुम्ही जरूर जा, एका दिवसात होतं. मी तीस वर्षं शिकवतो आहे, आणि 'आमचे' हा शब्द ती त्या माणसाला देऊन बसली. तिच्यावर रागावताही येत नाही, याचाच जास्त राग येतो.