विळा लागला की मारला?

आमच्याकडे धानकापणीत बायांना विळा लागतो. त्याचं कोणी कौतुक करत नाही. हळद दाबायची, चिंधी बांधायची, पुन्हा वाकायचं. 'इळा लागला' हे शब्द माझ्या तोंडात पार मुरलेले. सिहोऱ्याच्या रस्त्यावर भरदुपारी एका माणसानं माझ्या गळ्यातली पोत ओढली. मी ती सोडेना, तेव्हा त्यानं माझ्याच टोपलीतला विळा उचलून माझ्या उजव्या हातावर हाणला. तरी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर मी काय सांगावं? "इळा लागला जी."

त्यांनी तसंच लिहिलं. शेतकामातला अपघात.

पोत वाचली, पण दोन बोटं ताठ राहिली. भाताचा घास धरता येईना. ऑपरेशनला पैसा हवा, आणि चोर तर सापडलाच नव्हता. पोलिसांत तक्रार देऊन मुलगा गप्प बसला. सून बसली नाही. ही जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरात वाढलेली, शेती न पाहिलेली. पहिल्या रोवणीला तिनं रोपांची जुडी उलटी धरली, तेव्हा मी शेताच्या धुऱ्यावर बसून पोट दुखेस्तोवर हसले होते. तिनंच शोधून काढलं, की गुन्ह्यात जखमी झालेल्याला सरकारकडून भरपाई मागता येते, गुन्हेगार सापडो न सापडो. मला स्कूटीवर मागं बसवून तिनं भंडाऱ्याचं कोर्ट गाठलं.

भरपाईचे अर्ज बघणारे तिथले साहेब भले होते. "पोलीस म्हणतात लूट, दवाखाना म्हणतो अपघात. आजी, नेमकं काय झालं?"

"काय सांगू साहेब, इळा लागला."

सुनेनं कपाळावर हात मारला. साहेबांनी जबाबासाठी पुन्हा बोलावलं.

घरी तिनं माझी शाळाच घेतली. "आई, 'लागला' म्हटलं की तो माणूस सुटून जाते ना!"

"मले का त्याचं नाव मालूम आहे?"

"नाव कायले पाहिजे? 'त्यानं' म्हणा. बोला, हाताला काय झालं?"

"इळा ला..."

"चहा नाही भेटणार."

चहावाचून बसल्या बसल्या मला नवी नवरी असतानाची मी आठवली. सासूनं फेकलेलं उलथनं कपाळावर बसलं होतं. विहिरीवर बायांनी विचारलं, "काहून वं, काय झालं?" मी म्हणाले, "उलथनं लागलं." जसं काही उलथन्याला पंख फुटले होते! वर घरची गोष्ट झाकली म्हणून मोठ्या तोऱ्यात हंडा घेऊन निघाले. येडी कुठली. अन् ही पोरगी, जिला रोप धरता येत नव्हतं, तिनं माझ्या बोलण्यातला चोर बरोबर धरला.

दुसऱ्या खेपेला साहेबांनी तेच विचारलं. सून माझ्याकडं बघत होती. ओठ हलवून मदत करायचीही तिनं लाज धरली नाही.

"त्यानं मले इळा मारला," मी म्हणाले. मग जोर आला. "माझाच इळा, साहेब! त्यानं मारला."

जबाब झाला. भरपाईला वेळ लागला, सुनेनं खेटेही घातले, पण मिळाली. ऑपरेशन झालं, बोटं वळू लागली.

परवा त्याच बोटांत वांगं धरून विळीवर चिरत होते. रक्त बघून सून धावत आली. "काय लागलं आई?"

"लागलं नाही वं," मी म्हणाले. "मी कापून घेतलं. लिहून घे."