सिनेमातली म्हातारी आणि माझं खाचर

मे महिन्याच्या सुट्टीत मुलानं आम्हा सगळ्यांना हिंजवडीला कार्टूनचा सिनेमा बघायला नेलं. "आई, घरच्यांनी मिळून बघण्यासारखा हाय," म्हणाला. मला वाटलं, नातीबरोबर मक्याच्या लाह्या खाऊ, दोन घटका हसू. कसलं काय!

सिनेमातली आजी मोठी झकास होती. झाडावर चढायची, नातवाला होडी वल्हवायला शिकवायची. मी टाळ्या पिटत होते. आणि मध्यांतराच्या आधीच मारली की हो तिला! नुसती मारली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण जाताना हसत हसत घरदार, जमीन, सगळं पोराच्या हवाली केलं आणि चांदणी होऊन वर गेली. सगळे मुसमुसायला लागले. माझा मुलगाही डोळे पुसत माझ्याकडेच बघत होता. मला असा संताप आला! अगं बाई, तुला कुणी विचारलं तरी का, जायचंय का म्हणून? पुढं नातवानं काय पराक्रम केले, माझं लक्षच लागलं नाही.

परतताना गाडीत मुलगा हळूच म्हणाला, "बघितलंस ना आई, कसं समाधानानं दिलं तिनं?"

तेव्हा उलगडा झाला. घरामागचं भाताचं खाचर माझ्या नावावर आहे. तिथं त्याला कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या आहेत. मला न विचारता त्यानं पायासाठी फक्कीच्या पांढऱ्या रेघाही मारून ठेवल्या होत्या.

"ती चित्रातली हाय," मी म्हटलं. "तिला कुणीबी मारंल. मी जित्ती हाय अजून."

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, म्हणतात ते उगाच नाही. सकाळी उठले आणि शेणाची पाटी उचलली. भाताची रोपं टाकायची तर आधी ती जागा भाजावी लागते, राब म्हणतात त्याला. दरसाल मी तो कोपऱ्यात भाजते. यंदा बरोबर त्या रेघांवर शेण टाकलं, वर पालापाचोळा पसरला आणि काडी ओढली.

धूर घरात शिरला तसा मुलगा धावत आला. "आई, ह्ये काय करतीस?"

"राब भाजतीया. दिसत न्हाई व्हय?"

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"एक म्हातारी मेली म्हणून काल रडून झालंय तुझं," मी म्हटलं. "दुसरी जित्ती हाय, तिला पाटी उचलू लाग."