पेटीवरचा शब्द

आप्पा कुठल्याही खोलीत बसले, की दाराच्या फटीत आपली चप्पल अडकवून ठेवत. बंद दार त्यांना सोसत नसे. नगरला स्टेशनजवळच्या आमच्या गोदामाचे ते पहारेकरी, मूळचे राजूरचे. मी तिथला कारकून. मोठ्या लढाईत पकडले जाऊन ते इटलीत कैदी होते. रागावले की तिथल्या भाषेत पुटपुटत. "तिकडच्या शिव्या बऱ्या," म्हणत, "ऐकनाऱ्याला लागत न्हाईत."

बहात्तरच्या दुष्काळात शेठनी इटलीला पाठवायच्या बारा पेट्या करून घेतल्या. मला म्हणाले, "आप्पाला विचार, गुड्सला तिकडं काय म्हणतात. पेटीवर घाल."

"मेर्चे," आप्पा लगेच म्हणाले. "म्हंजी माल." त्यांनी अक्षरं लिहून दिली, मी ती काळ्या रंगाने पेट्यांवर उतरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रकमधून माकडं आली. पाण्यासाठी भंडारदऱ्याच्या डोंगरातून उतरलेली, जाळ्यात धरलेली. तिकडे औषधं तपासायला हवी होती म्हणे. माणसं ती पेट्यांत कोंबू लागली, तसे आप्पा उठून माझ्याकडे आले.

"भाऊसाहेब, त्यो शबुद पुसा. आमाला बंदरावरनं नेलं त्या आगगाडीच्या डब्यावर त्योच हुता. भाईरनं कडी. दोन दिस कुनी पानी इचारलं न्हाई. मालाला कोन पानी पाजतंय? आमच्या गावचा गडी माज्या मांडीवर गेला."

त्यांनी स्वतःच ब्रश घेतला. 'मेर्चे' खोडून प्रत्येक पेटीवर लिहिलं : वीवी, आक्वा. जिवंत आहेत, पाणी द्या.

शेठ आले ते भडकलेच. "जिवंत लिहिलं की डॉक्टरचा दाखला मागतील. कुठून आणू?" आप्पांना त्यांनी तिथल्या तिथे कामावरून काढलं. आप्पा फाटकाबाहेर गेल्यावर मला म्हणाले, "पहिल्यासारखं करून टाक."

मी रॉकेलचा बोळा घेतला. पुसताना फटींतून बारीक बोटं बाहेर येत आणि माझी बाही धरत. मी ती सोडवत होतो आणि पुन्हा 'मेर्चे' लिहीत होतो.

दोन महिन्यांनी इटलीहून पत्र आलं. ते वाचून घ्यायला शेठनी मला राजूरला धाडलं. आप्पा अंगणात दोर वळत होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"एकबी जितं पोचलं न्हाई. बोटीवाल्याला इचारलं, पानी का पाजलं न्हाईस? त्यो म्हनला, पेटीवर माल लिवलंय."

पत्राची घडी घालत त्यांनी विचारलं, "मी लिवलेलं कुनी पुसलं?"

"मी," म्हणालो.

त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. मग घराकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, पावन्याला पानी दे."

तांब्या आला. मी तो तसाच हातात धरून बसलो. आप्पांनी दोर उचलला आणि एस.टी.ची वेळ होईपर्यंत मान वर केली नाही.