वाणाच्या वाट्या आणि कुंकवाचं बोट

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटायचे नाहीत, असं मी ठरवूनच टाकलं होतं. काचेच्या वाट्या आणायच्या आणि प्रत्येकीवर स्वतः नक्षी काढायची! अमोनियम बायफ्लोराईडची पेस्ट मागवली. नक्षी कापलेला स्टिकर वाटीवर चिकटवायचा, उघड्या काचेवर पेस्ट फासायची, थोड्या वेळाने धुवायची. तेवढीच काच दुधाळ होते. पहिल्या वाटीवर मोर उमटला तेव्हा दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या एवढ्याशा बाल्कनीत मी अक्षरशः नाचले. नवरा म्हणाला, बस कर यार, खालचे लोक बघतायत. बघू देत की!

साताऱ्याहून आलेल्या सासूबाई, म्हणजे आई, माझ्याहून उतावळ्या. उद्या दिल्लीतल्या बायकांना आपल्या हाताने कुंकू लावायचं, हेच त्यांच्या डोक्यात. मी हातमोजे बदलायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी पेस्ट प्लास्टिकच्या डबीतून काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरली. आंबट, जहाल काही असलं की काचेत ठेवायचं, ही त्यांची जन्माची शिस्त. पण ही बया काचच खाते, म्हणून तर ती प्लास्टिकमध्ये येते! बाहेर येऊन बघते तर बरणी आतून पांढुरकी व्हायला लागलेली, आणि डबीचा तळ निपटलेलं उजव्या हाताचं बोट आई पदराला पुसतायत. कुंकवाचंच बोट.

मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"अगं, दुखत नाहीये काही," त्या म्हणाल्या.

तेच तर! हे फ्लोराईड आधी गुपचूप आत शिरतं, दुखणं मागाहून येतं. मी त्यांचा हात नळाखाली धरला, पाणी वाहू दिलं, वाहू दिलं. मग हातमोजे घालून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळलं. कॅल्शियम त्या फ्लोराईडला धरून ठेवतं, म्हणून ते पेस्टबरोबरच आणून ठेवलं होतं. कॅब करून हॉस्पिटल गाठलं. वाटेत त्यांचं एकच चाललेलं, उद्या कुंकू लावता येईल ना? मी नुसती जेल चोळत राहिले.

डॉक्टरांनी बराच वेळ बसवून ठेवलं, बोट पुन्हापुन्हा दाबून पाहिलं. वेळेवर धुतलंत, बोट बिल्कुल ठीक आहे, असं ते हिंदीत म्हणाले. आईंनी लगेच विचारलं, "कल कुमकुम लगा सकती हूँ?"

दुसऱ्या दिवशी बायका मोराच्या वाट्या उजेडात धरून बघत होत्या. एरवी मी कौतुकाने फुगले असते, पण माझं लक्ष त्या बोटाकडेच. सगळ्यांना लावून झाल्यावर आई माझ्यापुढे आल्या आणि माझ्या कपाळावर कुंकू टेकवलं, नीट, गोल. मी ते बोट मुठीत धरलं आणि सोडेचना.